खुलभर दूध आणि अर्धा डबा

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी लहानपणी ऐकलेल्यांना म्हातारी आठवते आणि दुधाने भरलेला गाभारा आठवतो. मधला भाग बहुतेकांच्या डोक्यातून निसटलेला असतो, आणि खरी गोष्ट त्या मधल्या भागातच आहे. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. प्रधान तोड काढतो: सोमवारी गावाने घरातलं सगळं दूध देवळात आणावं, थेंबभरही मागे ठेवू नये. दवंडी पिटते. लोक धाकाने वासरांना पाजत नाहीत, पोरांना देत नाहीत, सगळं दूध आणून ओततात. गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने घरचं आवरलेलं असतं, नातवंडांना पाजलेलं असतं, वासरांना सोडलेलं असतं, आणि मग हाताशी उरलेलं खुलभर दूध घेऊन ती निघालेली असते. ती ते ओतते आणि गाभारा भरतो. पुढे राजा पहारा बसवतो, तिसऱ्या सोमवारी स्वतःच दबा धरून बसतो आणि म्हातारीला पकडतो. ती आधी अभय मागून घेते आणि मग तोंडावर सांगते, की तुझ्या हुकमाने वासरं आणि पोरं तळमळली, मोठी माणसं हळहळली, ते दूध देवाला कसं चालेल?

मुलांसाठी औदार्याच्या गोष्टींचं पुस्तक काढायचं आणि त्यात ही कहाणी घ्यायची म्हटलं, तर आजचा संपादक बुचकळ्यात पडेल. म्हातारी स्वतःची लाडकी वस्तू देत नाही. पोटाला चिमटा काढूनही देत नाही. आधी घरचे, मग गोठा, मग देव, असा तिचा क्रम आहे. त्याग करतात ते गावकरी, आणि तो तर देवाला नको आहे. आजच्या बालकथेचा सांगावा याच्या नेमका उलटा असतो: आपल्याला जे फार आवडतं तेच दुसऱ्याला द्यावं, आणि देताना हसावं.

या दोन प्रकारच्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात असं कधीपासून मनात होतं. अंबाजोगाईत बसून ते करण्यात एक सोय आहे. मुकुंदराज आणि दासोपंतांचं हे गाव, पण निजामी काळात मोमिनाबाद, त्यामुळे दामाजीपंतांइतकाच हातिमताईही इथल्या बोलण्यात आहे. एका बाजूला एकनाथांचं पैठण, त्याच्याही पलीकडे शिबी राजाचं जातक भिंतीवर रंगवलेली अजिंठ्याची लेणी. आणि देण्याघेण्याचे जुने रिवाज अजून पुरते मोडलेले नाहीत. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडे आणि त्यांना लागून असलेल्या आमच्या पट्ट्यात शेतात भज्जी-आंबिलीची पंगत बसते, आणि बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. आषाढीला शेगावची पालखी गावातून जाते तेव्हा वारकऱ्यांना जेवू घालायला घरं पुढे येतात.

जोगव्याचं थोडं सविस्तर सांगतो. योगेश्वरीचं गाव म्हटल्यावर परडी आणि कवड्यांची माळ ओळखीची. मंगळवार-शुक्रवारी, नवरात्रात बाई पाच घरी जोगवा मागते. दारात उभी राहते, परडी पुढे करते, समोरची मूठभर पीठ किंवा धान्य घालते. यातली खुबी अशी, की मागणारी गरीबच असते असं नाही. खात्यापित्या घरच्या सुनेलाही कुलाचार म्हणून परडी पुढे करावी लागते, आणि तिच्या परडीत पीठ घालणारी तिच्याहून गरीब असू शकते. देणारी आज देते, उद्या मागते. आजच्या बालकथेत नेमकं हेच घडत नाही. तिथे देणारा देणाराच राहतो आणि घेणारा घेणाराच.

अंबाजोगाईच्याच डॉ. शैला लोहिया यांनी ‘भूमी आणि स्त्री’ हा ग्रंथ लिहिला. भूमी आणि स्त्री यांचं लोकसंस्कृतीतलं नातं हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्या वाटेने व्रतांच्या कहाण्यांकडे पाहिलं की मला एक गोष्ट लख्ख दिसते. कहाण्या सांगणाऱ्या बायका होत्या, ऐकणाऱ्याही बायकाच, आणि त्यांच्या नावावर ना शेत होतं ना घर. त्यांच्या हातात होतं ते वाढणं: भाकरी, दूध, तांदळाचे चार दाणे. म्हणून कहाणीतलं औदार्य जवळजवळ नेहमी ताटाशी येऊन थांबतं, आणि कहाणीतला अन्यायही ताटावरच होतो.

शुक्रवारची कहाणी घ्या. भाऊ श्रीमंत, बहीण दरिद्री. भाऊ सहस्रभोजन घालतो आणि सख्ख्या बहिणीलाच बोलावत नाही. ती पोरांना घेऊन आपणहून जाऊन बसते. तो तुपाची वाढ करत पंगतीतून येतो, तिला पाहतो आणि अपमान करून हाकलतो. पुढे तिचे दिवस पालटतात. मग भाऊ मानाने जेवायला बोलावतो. ती जाते, पाटावर बसते, अंगावरचे दागिने एकेक काढून मांडते आणि ताटातला एकेक पदार्थ त्या दागिन्यांवर ठेवते. भाऊ विचारतो, हे काय? ती म्हणते, जिला जेवायला बोलावलंस तिलाच वाढतेय. हजार पानं उठवणाऱ्या माणसाला एवढी झणझणीत चपराक कुठल्या नव्या बालकथेत बसलेली मला माहीत नाही. आमच्या भागात गावजेवणं काही कमी होत नाहीत, फ्लेक्सही मोठे लागतात. ही कहाणी अशा पंगतीत वाचायला हरकत नाही.

आता दुष्काळ. लोककथेतले मोठे दानशूर बहुधा दुष्काळातून येतात, आणि बीड जिल्ह्याला तो समजावून सांगावा लागत नाही. मंगळवेढ्याचे दामाजीपंत दुर्गादेवीच्या दुष्काळात कोठारं खुली करतात. पण कोठारं बादशहाची आहेत. ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ म्हणणारा कुणीतरी ऐकणाऱ्यांत असणारच. गोष्टीलाही ते ठाऊक आहे, म्हणून बिदरहून बोलावणं येतं, आणि विठ्ठलाला महाराचं रूप घेऊन धान्याची रक्कम चुकती करून पावती आणावी लागते. देवसुद्धा हिशोब मिटवल्याशिवाय भक्ताला सोडवत नाही! श्रियाळशेटाची दंतकथाही त्याच दुष्काळाला चिकटलेली. शेटजीने आपलं धान्य लोकांना वाटलं, बादशहाने खूश होऊन काय हवं विचारलं, आणि तो औट घटकेचा राजा झाला. श्रावण शुद्ध षष्ठीला मातीचा शिराळशेट करण्याची चाल त्यातूनच आली म्हणतात.

या दोन्ही गोष्टींत देणं ही मनाची हळवी लहर नाही. भूक किती, धान्य किती, ते कुणाच्या मालकीचं आणि नंतर जाब कुणाला द्यायचा, हे सगळं त्यांत आहे. 1972च्या दुष्काळात खडी फोडून सुकडी खाल्लेली माणसं अजून आमच्यात आहेत. त्या कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला, 1977 साली. फुकटच्या धान्यापेक्षा कामाचा दाम बरा हे त्या पिढीला कुणी शिकवलं नाही, रांगेत उभं राहून ते कळलं. 2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा इथे अंबाजोगाईतही घागरीचा हिशोब घराघरांत चालू होता. एकनाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ओतली, ही गोष्ट अशा गावात सांगितली तर पोरं गाढवाला हसत नाहीत. कावडीत पाणी किती असेल, हे विचारतात.

लोककथेचा आणखी एक गुण आजच्या बालकथेने जवळपास टाकून दिला आहे. तो म्हणजे वाद घालणं. ‘वेताळपंचविशी’ बापू छत्र्यांनी 1830मध्ये मराठीत आणली, पुढे ‘चांदोबा’ने विक्रम-वेताळ घराघरांत नेला. त्यातला जीमूतवाहन आठवा. गरुडाला रोज एक नाग द्यायचा ठराव आहे. शंखचूडाची पाळी येते, त्याची आई रडत असते. जीमूतवाहन परका, राजपुत्र. तो गुपचूप शंखचूडाच्या जागी शिळेवर जाऊन पडतो. गरुड त्याला उचलून नेतो. तेवढ्यात शंखचूड धावत येतो आणि ओरडतो, अरे, तुझं भक्ष्य मी आहे, याला सोड. शेवट गोड होतो. पण वेताळ विचारतो, या दोघांत मोठा कोण? आपण म्हणणार, जीमूतवाहन. विक्रम म्हणतो, शंखचूड. कारण जीमूतवाहनाला जीव देण्याची जन्मोजन्मीची सवय. शंखचूड मात्र सुटला होता आणि तरी परत आला. दुसऱ्या एका कथेत दिलदार नवरा, दिलदार प्रियकर आणि दिलदार चोर यांच्यात विक्रम चोराला पहिला नंबर देतो. शंखचूडाच्या गोष्टीत तर दिलेलं दान परत करायला आलेला घेणारा आहे, आणि निकाल त्याच्या बाजूने लागतो. दातृत्वाकडे इतक्या खोडकरपणे पाहणारी दुसरी परंपरा शोधावी लागेल.

अगदी तान्ह्या पोरांच्या गोष्टीसुद्धा दात्याला सोडत नाहीत. उंदराची टोपी राजा हिसकावतो तेव्हा उंदीर ढोलकं बडवून त्याला भिकारी ठरवतो. कटकट नको म्हणून राजा टोपी परत फेकतो, तर उंदीर गावभर सांगतो, राजा मला भ्याला. घेतलं तरी नाचक्की, दिलं तरी नाचक्की. आणि मराठी मुलाच्या कानावर पहिल्यांदा पडणारी गोष्ट कोणती? कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं आणि तो पावसात चिमणीच्या दारात उभा राहतो. ती बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, झोपवते, आणि दार काही उघडत नाही. आतिथ्य नाकारण्याची ही गोष्ट आपण पिढ्यान् पिढ्या घास भरवताना सांगत आलो. चिमणी लगेच दार उघडते असा सुधारलेला पाठही हल्ली ऐकू येतो. त्यात गोष्ट दोन वाक्यांत संपते, आणि घासही तेवढेच जातात.

मुलांसाठी म्हणून छापलेली मराठी गोष्ट मुळात बाहेरून आली, हे विसरून चालणार नाही. तंजावरला सरफोजी राजांच्या प्रोत्साहनाने 1806मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ छापली गेली, ती इसापाच्या कथांची. 1828मध्ये छत्र्यांचं ‘बाळमित्र’ आलं. बर्क्विन या फ्रेंच लेखकाची पुस्तकं इंग्रजीत गेली होती, तिथून ते मराठीत उतरलं. इसापात औदार्य फारसं नाहीच. मुंगी नाकतोड्याला दारातून परत पाठवते आणि शहाणी ठरते. बर्क्विनच्या घराण्यात मात्र एक नवं पात्र आहे: परोपकारी मूल. चांगल्या घरचं, सालस, गरिबाला पाहून कळवळणारं. आपल्या लोककथेत हे पात्र जवळपास नव्हतं. तिथे देणारे राजे, शेटजी, संत, म्हाताऱ्या. मूल होतं ते घेणाऱ्यांत, किंवा ‘शिवलीलामृता’तल्या चिलयासारखं, देऊन टाकलेल्या वस्तूंत.

हे उसनं पात्र मराठी मातीत रुजवलं ते साने गुरुजींनी. ‘श्यामची आई’ 1933मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहून झालं, 1935मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात श्याम धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो तो प्रसंग पुन्हा वाचावा. दापोलीला शिकणारा मुलगा, हातात खाऊचे चार पैसे. ते साठवून तो कापड घेतो, शिवायला देतो आणि गणपतीच्या सुट्टीत पायी घरी निघतो. घरची ओढाताण आपण आधीच पाहिलेली असते, त्यामुळे त्या कोटाची किंमत वाचणाऱ्याला कळते. इथे देणारं मूल स्वतःच गरीब आहे. वरून खाली देणं नाही. माझ्या मते जुन्या कहाणीचं ताट आणि नव्या बालकथेचं मूल एकत्र आली ती इथे, आणि पुढच्या नव्वद वर्षांत मराठीत त्याहून पुढे फारसं कुणी गेलं नाही.

पुढे झालं काय, तर कोटाचा डबा झाला. वर्गात नवा मुलगा येतो, त्याच्याकडे डबा नसतो, नायक अर्धा डबा देतो, दोघं मित्र होतात, बाई कौतुक करतात. या साच्याच्या गोष्टी मासिकांत, दिवाळी अंकांच्या बालविभागांत, मूल्यशिक्षणाच्या पुस्तकांत आपण इतक्या वाचल्या आहेत, की नवा मुलगा वर्गात शिरताच पुढचं सगळं कळतं. त्याच्याकडे डबा का नाही, हे कुणी विचारत नाही. आई-बाप कारखान्यावर ऊस तोडायला गेलेत का? तो आजीकडे राहतो का, आणि आजीला सकाळी भाकरी करणं होत नाही का? आमच्या जिल्ह्यात दिवाळीनंतर कित्येक घरांची अशीच स्थिती असते. त्यासाठी सरकारने हंगामी वसतिगृहं काढली आहेत. पण गोष्टीतला मुलगा भुकेला असतो तो फक्त नायकाला चांगलं ठरवण्यापुरता.

बाहेरही हीच कथा आहे. स्वित्झर्लंडच्या मार्कुस फिस्टरचं ‘द रेनबो फिश’ 1992चं, जगभर खपलं. सुंदर मासा अंगावरचे चमकते खवले एकेक वाटून टाकतो आणि मग त्याला मित्र मिळतात. अंगाचे तुकडे दिल्यावरच मैत्री मिळते, हे मुलांना शिकवायचं का, असं विचारणारे टीकाकार तिकडेही आहेत. शेल सिल्व्हरस्टाइनचं ‘द गिव्हिंग ट्री’ 1964चं. झाड देत जातं, मुलगा म्हातारा होईपर्यंत घेत जातो, शेवटी खोड उरतं. ही गोष्ट प्रेमाची की लुटीची, यावर अजून एकमत नाही. मला ते पुस्तक फिस्टरच्या माशापेक्षा खूप मोठं वाटतं ते याचसाठी. त्यात वेताळाचा प्रश्न शिल्लक आहे.

मराठीत आज मुलांसाठी सगळंच वाईट लिहिलं जातं असं म्हणणं अन्यायाचं होईल. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं उघडा. तिथे गुण शिकवायला कुणी उभं नसतं. माणसं एका घरात राहतात, एकमेकांचं करतात, वैतागतात, आणि देणं-घेणं त्यात मुरलेलं असतं. प्रथम बुक्सने 2004पासून स्वस्त पुस्तकं काढली, 2015पासून ‘स्टोरीवीव्हर’वर फुकट वाचायला ठेवली. पूर्वी जिथे पाठ्यपुस्तकाखेरीज चित्रांचं पान पोचत नव्हतं, तिथे आता एखाद्या गुरुजींच्या मोबाइलवर पोचतं, ही लहान गोष्ट नाही. भाषांतरांची मराठी मात्र पुष्कळदा इस्त्री केल्यासारखी लागते. आजीच्या तोंडची गोष्ट ऐकून मोठं झालेलं मूल तिला बिचकतं.

जुन्या गोष्टींचे गोडवे गाताना त्यांचा काळा भागही उघडपणे बोलला पाहिजे. श्रियाळ-चांगुणेची कथा ‘शिवलीलामृता’च्या चौदाव्या अध्यायात आहे. अतिथीने मांस मागितलं म्हणून पोटचा चिलया मारून शिजवायचा, त्याचं मस्तक उखळात कांडायचं आणि आईने वर गाणं म्हणायचं. अतिथी शंकर निघतो, मूल परत मिळतं, हे खरं. पण मुलाला कुणी विचारलं होतं? पिढ्यान् पिढ्या बायका ही कथा ऐकून रडल्या. त्या श्रद्धेने रडल्या, की आपल्यावर आली तर काय या धास्तीने, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. दान घेणारा बहुतेक वेळा ब्राह्मण, आणि दान घेणं हा त्याचा हक्क. दामाजीच्या गोष्टीत देव महार होतो तो दरबारात निरोप पोचवायला. मंगळवेढ्याच्या महारवाड्यात त्या दुष्काळात कोण जगलं, याबद्दल गोष्ट गप्प आहे. आणि फळाची हाव तर ठायीठायी. मूठभर तांदळाच्या बदल्यात माडी बांधून मिळणार असेल, तर तो आवळा देऊन कोहळा काढण्याचाच प्रकार. या बाबतीत अर्धा डबा देणारा आजचा नायक नक्की बरा. त्याला बदल्यात फक्त मित्र मिळतो.

एकनाथांनी श्राद्धाचं अन्न दारातल्या अंत्यजांना वाढलं, ही कथा या सगळ्यात वेगळी पडते, कारण तिथे देण्याने देणाऱ्याचं नुकसान होतं. गावातले ब्राह्मण जेवायला येत नाहीत. मुलांच्या पुस्तकात ही गोष्ट येते तेव्हा बहुधा ‘नाथ सर्वांवर प्रेम करत’ एवढ्यावर उरकतात. नाथांच्या घरी त्या दिवशी ताणाताण झाली, चुलीवर दुसरा स्वयंपाक चढला, गावाने पाठ फिरवली, हे गाळलं जातं. मुलांना भांडण सोसत नाही असं आपण का धरून चालतो, कोण जाणे. ती दिवसभर तेच तर करत असतात.

माझ्या हाती वर्ग दिला तर मी काय सांगेन? चिलयाची कथा लहानांना नाही. दामाजीची सांगेन, कोठार कुणाचं हा प्रश्न न लपवता. हातिमताईचा घोडाही सांगेन: बादशहाचा माणूस घोडा मागायला आला, हे कळायच्या आतच पाहुण्याला जेवू घालायला घरात दुसरं काही नाही म्हणून हातिमने तोच घोडा कापला होता. मग मागितलेली वस्तू दिली म्हणायची, की नाही? डब्याची गोष्ट सांगायचीच झाली तर ज्याच्याकडे डबा नव्हता त्याच्या तोंडून सांगेन; अर्धी पोळी घेताना त्याला काय वाटलं इथपासून, आणि संक्रांतीला आई कारखान्यावरून गुळाची ढेप घेऊन आली तेव्हा ती त्याने कुणाला दिली इथपर्यंत. शंखचूडाच्या गोष्टीत मात्र वेताळाचा प्रश्न आला, की विक्रमाचं उत्तर न देता पुस्तक मिटेन. अर्धा वर्ग जीमूतवाहनाच्या बाजूने, अर्धा शंखचूडाच्या, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास गरुडाची बाजू घेईल: त्यालाही भूक लागली होती ना?